पाटी सगळ्यांच्या हातातून गेली होती

आधी नावं लिवा, बाकीचं मागून. कलावती, म्हणजे मी. शकीलाबी. माझी धाकटी बहीण वनिता. अन् आमच्यासंग रांगेत हुभ्या असलेल्या साऱ्या बाया, लातूरच्या डाळमिलवर डाळ निवडणाऱ्या. आमाला फसवलं. कवा फसवलं तेबी लिवा. संक्रांतीच्या मागून जो पहिला सोमवार आला त्या सोमवारी, सकाळी, भोंगा झाल्यावर, नारळ फुटल्यावर, पाटी आमच्या साऱ्यांच्या हातातून गेल्यावर. पाटी जायच्या आधी सांगितलं असतं तर ती मालकाची मर्जी म्हणून मी गप बसले असते. पाटी गेल्यावर सांगितलं. म्हणून मी ह्याला फसवणूक म्हणते, अन् तुमीबी तोच शब्द लिवा, गोड करू नका.

आता पाटी म्हणजे काय, तर ते सांगायला जरा मागं जावं लागंल.

मी मूळची हदगावकडची. काय सांगू तुमाला, आमच्याकडं पोरगी चालायला लागली की कापसात शिरायची, माय वेचायची अन् मी तिचा पदर धरून खालची बोंडं तोडायची, शाळा झाली दोन-चार वर्षं, अक्षर लावून लावून वाचता येतं तेवढी, मंग लगीन होऊन लातूरला आले. आमचे हे मार्केट यार्डात हमाल होते, पाठीवर पोतं घेऊन पळायचे, आता पाठ गेली, घरीच असतेत, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राजकारण शिकवतेत. सासू डाळमिलवर होती. माझी हळद निघाली नव्हती तवाच म्हणली, चल, हात बघू दे तुजे. उलटे-सुलटे करून बघितले अन् म्हणली, वेचणारीचे हात हायत, निवडायला चालतील. तेवढीच माझी मुलाखत. दुसऱ्या दिवशी तिच्यासंग मिलवर.

डाळमिल कधी बघितली का तुमी? तूर येती पोत्यानं, ती चाळायची, तेल लावायचं, उन्हात पसरायची, मंग यंत्रात तिचं टरफल निघतं, डाळ फुटती, अन् शेवटी ती आमच्या म्होरं येती. आमी ओट्यावर रांगेनं बसायचं, सुपात घ्यायची, काळा दाणा काढायचा, खडा काढायचा, टरफलासकट राहिलेला दाणा काढायचा. दिवसभर पिवळं बघून घरी गेलं की भिंतबी पिवळी दिसायची. अन् धूळ तर इचारूच नका. मिलच्या फाटकात एक मोठा कडूलिंब हाय, त्याच्या पानांवर डाळीचं पीठ बसायचं, मिल चालू हाय तवर लिंब पांढरा-पिवळा. शकीला म्हणायची, देख कला, ये झाड भी अपने साथ ड्यूटी पे है. शकीलाचा बाप गाद्या भरायचा, नवरा रिक्षा चालवायचा, तो गेला तवा ती मिलवर आली अन् माझ्या शेजारी येऊन बसली. ती अन् मी शेजारी शेजारीच म्हाताऱ्या झालो. तिची जीभ लई तिखट, पण माझ्या सुपात खडा राहिला तर मुकाट्यानं तिच्या हातानं काढायची, मुनीमाला दिसू द्यायची न्हाई.

तर पाटी. आमच्या मिलवर हंगामाला कोणाला धरलं ह्याचा कागद कधीच न्हवता. कशावरून कळायचं? पाटीवरून. नवी तूर आली की पहिल्या दिवशी फाटकापाशी तुरीची एक टोपली, तीच पाटी, भरायची, फाटकापासून यंत्राच्या तोंडापर्यंत बाया रांगेत हुभ्या, पाटी ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात, अन् शेवटी मुकादमीण ती यंत्राच्या तोंडात वतायची. ज्या हातातून पाटी गेली तो हात हंगामभर कामावर. मधी कोणी बाळंत झाली, आजारी पडली, तरी तिची जागा तिचीच. नारळ शेठ फोडायचे, शकीला बिस्मिल्ला म्हणायची, आमी विहारात जाणाऱ्या बाया काहीच म्हणायचो न्हाई, पण पाटी साऱ्यांच्या हातातून जायची, अमकीचा हात नको असं कोणी म्हणलं न्हाई. मोठे शेठ होते तवा त्यांना एका बाईला काढायचं होतं, लई भांडायची ती. तर त्यांनी काय केलं, आदल्या दिवशी तिच्या घरी निरोप धाडला की उद्या येऊ नको. कामून आदल्या दिवशी? कारण एकदा रांगेत हुभी राहिली, पाटी तिच्या हाताला लागली, की मालकालाबी काढता येत न्हाई, हे मोठ्या शेठला ठावं होतं. वाईट माणूस होता तो, शिव्या द्यायचा, पण पाटीला खोटा पडला न्हाई.

सासू थकली तशी मुकादमकी माझ्याकडं आली. तिनं मला काही शिकवलं न्हाई, एवढंच म्हणली, पाटी वतायच्या आधी मागं वळून बघ, एक बी राहिली न्हाई ना.

मंग मंदी आली. आधी ती रोगाची साथ, सारंच बंद. साथ गेली, फाटक उघडलं, तर माल उठंना. बाहेरदेशाची तूर उतरली म्हणे, भाव पडले म्हणे, बँकेनं हात आखडला म्हणे, रोज एक नवं म्हणे. आठवड्यातले चार दिवस काम, मंग दोन दिवस, मंग एक दिवस फाटकाला कुलूप. तवर मोठे शेठ वारले होते, धाकटे शेठ बसले होते, पुण्याला शिकून आलेले, कधी आवाज चढवला न्हाई, आमाला अहो-जाहो करायचे. त्यांनी आमाला साऱ्यांना लिंबाखाली बसवलं अन् भरल्या डोळ्यानं म्हणले, कलाबाई, माझाबी नाइलाज हाय, पण तेजी आली की पहिली पाटी तुमच्याच हातची. शकीला म्हणली, शेठ, तेजी कू हमारा पता मालूम है ना? सारे हसले. शेठबी हसले. म्हणले, मालूम आहे शकीलाबी, मी स्वतः सांगेन तिला.

आमी उठून घरी गेलो. लिंब त्या पावसाळ्यात धुऊन निघाला अन् हिरवागार झाला. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असंल काय देखणं झाड हाय. आमाला त्याच्याकडं बघवंना.

शकीला क्लासच्या पोरांच्या खानावळीत चपात्या लाटायला लागली. मी अर्धापूरला वनिताकडं गेले, तिकडं केळीचं काम. घड धुवायचे, कागदात गुंडाळायचे, ट्रकात लावून द्यायचे. केळीचा चीक कपड्याला लागला की जात न्हाई, माझं एकबी लुगडं धड राहिलं न्हाई. वनिता म्हणायची, अक्का, डाळीनं तुला पिवळं केलं, आता केळी तुला काळं करून राहिली, उरलेलं आयुष्य कुठल्या रंगाचं करती? वनिताचं तिकडं बरं चाललं होतं. एक खोली होती भाड्याची, दारात तुळस, कांदे टांगलेले, अन् केळीच्या शेडमधी तिचा मान होता, ट्रकवाले तिला मावशी म्हणायचे. हे ध्यानात ठेवा, म्हणजे तिचं काय गेलं ते कळंल.

महिन्या-दोन महिन्यानं मी लातूरला यायची, आमच्या ह्यांना बघायला. अन् ह्या येण्या-जाण्यात मला दिसायला लागलं की तेजी परत येऊन राहिली. पेपरातलं मला कळत न्हाई. पण नांदेडच्या स्टँडावरच्या चहावाल्यानं पातेलं बदललं, मोठं घेतलं, अन् तरी त्याच्याकडं हुभं राहावं लागायचं. रस्त्याच्या कडंची घरं, मंदीत जी नुसत्या सळया वर करून हुभी होती, त्यांच्यावर स्लॅब पडायला लागले. लग्नात परत बँडवाले दिसायला लागले, मधी तर लोकांनी नुसत्या मोबाईलच्या गाण्यावर नवरदेव आणला होता. आमच्या गल्लीतला टेलर, जो मंदीत दारात हुभा राहून बायांना आत बोलवायचा, तो आता मान वर न करता म्हणायचा, ब्लाऊज का, महिन्यानं या. अन् लातुरात सायकलीवर चुनीची पोती फिरायला लागली. चुनी म्हणजे डाळ भरडताना पडतो तो चुरा, म्हशी खातेत. चुनी गल्लीत आली म्हणजे कुठंतरी मिल चालू झाली, त्यात दुसरं काही असूच शकत न्हाई. मी मुद्दाम आमच्या मिलवरून गेले, तर पत्र्यावर कबुतरं. मंदीत एकबी न्हवतं. आतून यंत्राचा आवाज येत होता, हळू, नवाच आवाज. घरी येऊन न्हाणीत बसून रडले मी त्या दिवशी, आनंदानं.

मी लातूरलाच थांबले, अन् मंग मुनीमजींचा फोन आला. मुनीमजी म्हणजे मिलचा जुना कारभारी, बोलताना प्रत्येक शब्दाला त्याच्या पगारातून कापतेत असा माणूस. तो गोड बोलला. म्हणला, कलाबाई, सोमवारी पहिली पाटी टाकायची, शेठनी आठवण केली, साऱ्या बायांना घेऊन या, हिरवी लुगडी नेसून या, अगदी जुन्यासारखं करू. मी इचारलं, साऱ्या? म्हणला, हाव हाव, साऱ्या, नव्या असल्या तरी आणा, रांग लांब दिसली पाहिजे.

दिसली पाहिजे म्हणला. तवाच माझे कान हुभे राहायला पाहिजे होते. पण मला फक्त साऱ्या एवढंच ऐकू आलं.

विहाराच्या पायऱ्यांवर आमी बाया जमलो. कोणी धुण्याभांड्याला होती, कोणी दवाखान्यात झाडायला, कोणी सून म्हणून घरी बसून टोमणे खाऊन राहिली होती. मी म्हणलं, पाटी हाय. एवढंच म्हणलं. कोणी इचारलं न्हाई की किती दिवस, काय, कसं. शकीला म्हणली, खानावळवाली बोलती, सोमवार कू नै आई तो मंगल कू आने की जरूरत नै. मी म्हणलं, मंग नको जाऊ. ती म्हणली, तू बोलती तो छोड दी. वनिताला मी अर्धापूरहून बोलावलं. म्हणलं, किती दिवस केळ्याच्या चिकात राहशील, रांगेत एक हात तुजा लाव, जन्माची सोय हुईल, दोघी बहिणी एका गावात राहू. ती फोनवर म्हणली, अक्का, लेखी काही? मी हसले. म्हणलं, येडी का तू, पाटी हाय की. ती खोली सोडून आली, ओ. तुळस शेजारणीला देऊन आली.

सोमवारी सकाळी आमी हिरव्या लुगड्यांचा एक ताफा. गल्लीतले लोक म्हणले, कोणाचं लगीन? शकीला म्हणली, हमारा, दुसरी बार. फाटकात आलो तर शकीला थांबली. वर बघून म्हणली, कला, ये झाड देख. लिंब हिरवा होता. म्हणली, मिल चल रही है तो धूल किधर है? मी म्हणलं, आत्ताच तर चालू झाली, धूळ बसायला येळ लागतो. शकीला गप बसली म्हणजे काहीतरी चुकतंय, हे मला इतक्या वर्षांत कळायला पाहिजे होतं.

फाटकाला फुलं, सनई लावलेली, शेठ पांढऱ्या कपड्यात, मोठमोठी माणसं खुर्च्यांवर, अन् फोटोवाले. एक कॅमेरा तर डोक्यावर भुणभुण करत उडत होता. नारळ फुटला. पाटी भरली. हातातून हातात आली, माझ्यापर्यंत आली, मी मागं वळून बघितलं, सासूनं सांगितल्यासारखं, एक बी राहिली न्हवती. मी वतणार तेवढ्यात फोटोवाला वरडला, मावशी थांबा, ऊन बरोबर पडलं न्हाई, पाटी परत फाटकापाशी न्या. मी म्हणलं, पाटी मागं जात नसती. शेठ म्हणले, कलाबाई, एवढं करा, माझ्यासाठी. पाटी मागं गेली. परत आली. परत मागं. म्हणले हसा, म्हणले कॅमेऱ्याकडं बघू नका, म्हणले त्या पिवळ्या लुगड्यावाल्या मावशीला मागं घ्या. शकीला माझ्या मागं पुटपुटली, शूटिंग है क्या कला, हीरो किधर है? एवढं झाल्यावर मला वतू दिली. टाळ्या वाजल्या. यंत्र चालू झालं.

आमी पदर खोचले अन् ओट्याकडं गेलो, बसायला. ओटा न्हवता. फोडून टाकला होता, चकचकीत फरशी बसवली होती, अन् तिथं कपाटासारखं पांढरं यंत्र, गळ्यात झेंडूचा हार. सुपं इचारली, तर मुनीमजी म्हणला, बाहेर उप्पीट हाय, जिलेबी हाय, खाऊन घ्या, खण देतो साऱ्यांना, अन् निघा. मी म्हणलं, निघा म्हणजे? बसायचं कुठं? तेवढ्यात शेठ आले, तसेच मऊ, म्हणले, कलाबाई, आता बसायची गरज नाही, हे यंत्र कॅमेऱ्यानं दाणा बघतं अन् खराब दाणा हवेनं उडवतं, धूळसुद्धा आतल्या आत ओढून घेतं. तुमाला मानानं बोलावलं, तुमच्या हातानं सुरुवात व्हावी म्हणून. मी म्हणलं, शेठ, पाटी साऱ्यांच्या हातातून गेली. ते म्हणले, हो, फार सुंदर झालं. मी परत म्हणलं, शेठ, पाटी गेली म्हणजे आमी कामावर हाव. ते मुनीमजीकडं बघायला लागले, अन् मुनीमजी म्हणला, कलाबाई, ती जुनी गोष्ट झाली, आजचा कार्यक्रम होता.

कार्यक्रम.

मला यंत्राचा राग न्हाई, हे नीट लिवा, न्हाईतर लोक म्हणतील म्हाताऱ्या बाया, नव्याला भितेत. यंत्र आणायचं तर आणा. आमच्या छातीत ती धूळ हाय, आमाला का धुळीची हौस? पण मोठ्या शेठसारखा आदल्या दिवशी निरोप धाडायचा होता. मंदी आमी त्यांच्यासंग सोसली, कोणी मोर्चा काढला न्हाई, कोणी फाटकाला दगड मारला न्हाई, शब्द दिला म्हणून वाट बघितली. तेजी येणार हा माझा अंदाज खरा निघाला. तेजी आली, फाटकातून आत गेली, अन् आमाला उप्पीट देऊन बाहेर काढलं.

जिलेबीला कोणी हात लावला न्हाई. वनिता बोचकं घेऊनच आली होती, तिनं ते उचललं अन् स्टँडावर गेली. माझ्याकडं बघितलं न्हाई.

मंग काही दिवसांनी शकीला घरी आली. दारातूनच एक पिशवी माझ्या मांडीवर टाकली, तुरीच्या डाळीची, दुकानातली. म्हणली, देख, तेरी बरात. पिशवीवर आमचा फोटो. हिरव्या लुगड्यांची रांग, पाटी मधी, म्होरं मी, मागं वळून बघून राहिलेली. सासूनं शिकवलेलं ते वळून बघणं, तेच त्यांनी घेतलं. अन् खाली काय लिवलं होतं, मी अक्षर लावून लावून वाचलं, हातानं निवडलेली, आईच्या मायेनं. शकीलानं इचारलं, क्या लिखा है? मी सांगितलं. ती लई हसली, हसता हसता पायरीवर बसली, म्हणली, तो हाथ किधर है कला, हाथ तो इधर है, मेरे पास. अन् दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरले.

त्याच्यामागून शेठचा निरोप आला, मुनीमजी सोता आला घरी. मोठ्या शहरात प्रदर्शन भरणार हाय, दुकान मांडणार, तिथं कलाबाईंनी हिरवं लुगडं नेसून सूप घेऊन बसायचं, लोक बघतील, फोटो काढतील, राहणं-खाणं सारं मिलचं. मी इचारलं, अन् बाकीच्या? म्हणला, एक चेहरा पुरे. आमचे हे दारातून म्हणले, जा की, बसायचंच तर हाय. मी म्हणलं, तुमी जा, लुगडं मी देते. मुनीमजीला म्हणलं, पाटी कधी एकट्या हातानं गेली न्हाई, ज्या दिवशी रांग बसवाल त्या दिवशी मीबी बसंन. तो म्हणला, ह्या वयात कोण इचारतंय कलाबाई, बघा. मी म्हणलं, बघितलं.

आता काय हाय, तर वनिता अर्धापूरला गेली, पण शेडमधी तिच्या जागी दुसरी मावशी हाय, ती जिथं बोलावतेत तिथं रोजानं जाती, फोन केला तर उचलती, पण अक्का म्हणत न्हाई, बोला म्हणती. मपल्या बहिणीच्या तोंडून बोला. शकीला मार्केट यार्डात सांडलेलं धान्य झाडून गोळा करती. सांजच्याला अजून विहाराच्या पायरीवर येती, येणं सोडलं न्हाई, पण शेजारी बसत न्हाई, एक पायरी खाली बसती. मिल जोरात चालू हाय, फाटकात ट्रकांची रांग लागती, लिंब हिरवागार हाय. मी त्या रस्त्यानं जातच न्हाई.

लोक मला म्हणतेत, झालं गेलं, सोडून दे. सोडलं असतं, पण माझा चेहरा त्यांनी सोडला न्हाई, तो घरोघरी जाऊन राहिला, माझ्या नावानं खोटं बोलून राहिला.

म्हणून आता हे वाचणाऱ्याला सांगते. वाचायचं थांबवा अन् सैपाकघरात जा. डाळीची पिशवी बाहेर काढा. तिच्यावर हिरव्या लुगड्यांची रांग असंल, म्होरची बाई मागं वळून बघत असंल, तर ती मी हाय. ती पिशवी फोडू नका, फोडली असंल तर तशीच घ्या, दुकानात जा, गल्ल्यावर ठेवा अन् साऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं इचारा, ह्या बाया कुठं हायत? दुकानदार म्हणंल, मला काय ठावं. मंग त्याला म्हणा, मिलवाल्याला इचार, अन् त्यानं सांगितल्याबिगर ही डाळ मला पुन्हा देऊ नको. उद्या न्हाई. आज.